रोझी दिवे आणि पडलेला ठराव

देवळाली प्रवरा मागे टाकून कालव्याच्या कडेनं पुढं गेलं की उंबरगव्हाण लागतं. गावाला तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला चर्च. चर्चमागच्या आळीत निळ्या दाराचं जे घर आहे ते रोझी दिवेचं. नवरा अँड्र्यू साखर कारखान्यात फिटर, मुलगी एंजल नगरला दवाखान्यात नर्स. रोझी घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. गावातल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ आहेत.

ही बाई राजकारणात पडेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, तिला तर नाहीच. दोन हजार बावीसच्या शेवटी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आळीची जागा बाईसाठी राखीव निघाली. छगन म्हसे नावाचा पुढारी माणूस तिच्या दारात येऊन बसला. म्हणाला, "ताई, तुमच्याबद्दल गावात कोनी वाईट बोलत न्हाई. आमाला असंच नाव पायजे." रोझीनं नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर अँड्र्यूनं चहा ठेवायला सांगितलं होतं. ती निवडून आली. त्याच पॅनेलचा अमृत हारदे थेट लोकांतून सरपंच झाला, आणि छगन उपसरपंच.

पहिली दोन वर्षं रोझी सभेला जाई, हजेरीला सही करी, चहा पिऊन परत येई. मग पाण्याचं झालं. गावासाठी नवी टाकी मंजूर झाली होती. ती चर्चमागच्या उंचवट्यावर व्हायची होती, म्हणजे पाणी सगळीकडं आपोआप उतरलं असतं. प्रत्यक्षात ती बांधली गेली खालच्या अंगाला, सरपंचाच्या भावानं जिथं प्लॉट पाडून विकायला काढले होते तिथं. टाकी झाली, पण चर्चमागच्या आळीत आणि कालव्यावरच्या वस्तीत पाणी चढेना. नळाला चार-चार दिवसांनी करंगळीएवढी धार यायची. रोझीनं सभेत विचारलं तर अमृतराव हसून म्हणाले, "बघू की ताई. इंजिनियरला सांगतो." असं त्यांनी बऱ्याचदा सांगितलं.

एक दिवस सुकन्या ब्लाउजचं कापड घेऊन आली. सुकन्या पंचायतीतली सगळ्यांत तरुण सभासद. शिकलेली, फटकळ. माप द्यायला उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "रोझीताई, सरपंचाला खाली खेचता येतं. निवडून आल्यावर दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नव्हता. ती दोन वर्षं आता संपली."

"किती जन लागतील?"

"आपण नऊ सभासद. सात मतं पडली पाहिजेत. नंतर ग्रामसभेत लोक शिक्कामोर्तब करतील. लोक तर तयारच आहेत."

सुकन्या, रोझी, कालव्यावरच्या वस्तीचे म्हातारे सहादेव आणि मळ्यातला एक सभासद असे चार जण सहज जमले. सहादेव मूळचे पाथर्डीकडचे. ऊसतोडीला आले, कालव्याकाठी राहिले ते कायमचेच. बाकी तिघं आणायचे कुठून, याचा विचार चालू असतानाच छगन म्हसे आपल्या दोन माणसांना घेऊन स्वतःहून सुकन्याकडं आला. म्हणाला, "मला बी या माणसाचा वीट आलाय. मी पुढं होतो."

रोझीला ते ऐकून बरं वाटलं नाही. "सुकन्या, छगनभाऊ दोन वर्षं त्याच्याच जीपमधून फिरतोय. आज एकाएकी वीट कसा आला?"

"त्याला सरपंच व्हायचंय ताई. होऊ दे. आपल्याला पाणी पाहिजे."

ठरावाची नोटीस तहसीलदारांकडं दिली त्याच दिवशी छगननं जीप उभी केली. विशेष सभा आठवड्याच्या आत होणार होती. तोवर सातही जणांना गावात ठेवणं धोक्याचं, कुणीतरी फोडेल, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडं ही रीतच पडली आहे. ठराव आला की सभासद सहलीला जातात. रोझीनं पिशवीत दोन साड्या भरल्या आणि अँड्र्यूला म्हणाली, "भंडारदऱ्याला चाललोय म्हनं. कुठं उतरनार ते सांगत न्हाईत."

संगमनेर, अकोले करत जीप घाटात शिरली. लॉजवर उतरल्या उतरल्या छगननं एक कापडी पिशवी पुढं केली. "सगळ्यांनी मोबाईल यात टाका. सभेच्या दिवशी परत मिळतील."

सगळ्यांनी टाकले. छगनचा फोन मात्र त्याच्या खिशातच राहिला. कुणीतरी विचारलं तर म्हणाला, "वकिलाशी बोलावं लागतंय. मला तरी चालू ठिवावा लागंल का न्हाई?"

लॉज तसा चांगला होता. खिडकीतून धरणाचं पाणी दिसायचं. संक्रांत तोंडावर आलेली, थंडी अंगात शिरायची. लॉजचा मालक मेंदी लावलेल्या दाढीचा, किडकिडीत माणूस. स्वतः वाढायचा. पिठलं घ्या, भाकरी घ्या, आग्रह करायचा. रोझीला एका गोष्टीचं नवल वाटलं. एवढी माणसं येऊन राहिली, दिवसभर खोल्यांत बसून आहेत, धरण बघायलाही जात नाहीत. तरी या गृहस्थानं तुम्ही कुठले, कशाला आलात, एवढंसुद्धा विचारलं नाही. ती सुकन्याला तसं म्हणाली. सुकन्या म्हणाली, "पैसे दिलेत त्याला. कशाला विचारेल?"

तिसऱ्या दिवशी दुपारी फाटकापाशी पांढरी जीप येऊन उभी राहिली. सगळ्यांनी ओळखली. अमृतरावांची होती. आत फक्त ड्रायव्हर होता. त्यानं जोरजोरात हॉर्न वाजवला, खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना रामराम केला आणि गाडी वळवून निघून गेला.

छगन लालबुंद झाला. सगळ्यांना खालच्या मोठ्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं. "आपल्यातलं कोन फुटलंय? त्याला जागा कशी कळली?"

सगळे एकमेकांकडं बघू लागले. काल संध्याकाळी सहादेव तंबाखू आणायला कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले होते, ते सगळ्यांना एकदम आठवलं. रोझीनं लॉजच्या कामवाल्या बाईशी बराच वेळ गप्पा मारल्या होत्या, तेही आठवलं. मळ्यातला सभासद म्हणाला, "त्या बाईकडं फोन हाय."

"मी तिला लेकरांचं विचारत हुते," रोझी म्हणाली.

छगननं खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली. बेलाचं पान कुठून आणलं कोण जाणे, तेही काढलं. "उचला. ठरावाच्या बाजूनं मत देईन म्हनून बेलभंडारा उचला. एकेक जन या."

सहादेव आधी उठले. डोक्याची टोपी सारखी केली, पान हातात घेतलं, डोळे मिटून बोलले. मग बाकीचे. सुकन्याला हा प्रकार पसंत नव्हता हे तिच्या तोंडावर दिसत होतं, पण तिनंही उचलला. शेवटी छगन रोझीकडं वळला. "ताई, तुमी तुमच्या धर्मग्रंथावर हात ठिवा. पिशवीत असंलच की."

"हाय पिशवीत. पन मी हात ठेवनार न्हाई."

"का?"

"आमच्यात शपथ वाहत न्हाईत, भाऊ. व्हय म्हंजे व्हय, न्हाई म्हंजे न्हाई. मी ठरावाच्या बाजूनं मत देनार. सांगितलंय की."

"कोर्टात मग काय करता?"

"तिथं बी शपथेऐवजी सत्यप्रतिज्ञा करता येती. माझ्या सासऱ्यांनी तेच केलं हुतं."

बाकीच्यांकडं बघून छगननं फक्त मान हलवली आणि बाहेर गेला. तेवढ्यानंच काम झालं. त्या दिवसापासून जेवताना रोझीच्या शेजारची जागा मोकळी राहू लागली. सुकन्या खोलीत दाराजवळ गादी ओढून झोपू लागली आणि किल्ली उशाखाली ठेवू लागली. रोझीनं विचारलं, "माझ्यावर पहारा हाय का?" तर ती म्हणाली, "तसं नाही ताई," आणि कूस बदलून पडली.

सभेच्या दिवशी सकाळी जीपनं त्यांना थेट ग्रामपंचायतीच्या दारात आणून सोडलं. बाहेर पोलीस, गर्दी, आणि रस्त्यावर आधीच अंथरून ठेवलेली फटाक्यांची लांबलचक माळ. रोझीनं ती बघितली. तिला वाटलं, आपल्याच बाजूच्या लोकांनी ठेवली असेल. मग माळेजवळ उभा असलेला माणूस ओळखू आला. तो अमृतरावांचा ड्रायव्हर होता.

तहसीलदारांनी ठराव वाचून दाखवला. अमृतरावांना काय सांगायचं आहे ते विचारलं. पद जाण्याची वेळ आलेला माणूस काहीतरी बोलेल, चिडेल, विनवेल, असं रोझीला वाटलं होतं. अमृतराव म्हणाले, "काय न्हाई साहेब. कायद्यानं चालू द्या." आणि खुर्चीत मागं टेकून बसले.

"ठीक आहे. बाजूनं असतील त्यांनी हात वर करा," तहसीलदार म्हणाले.

तेवढ्यात छगन उठला. "साहेब, गुप्त मतदान घ्यावं अशी माझी मागनी हाय. बायामानसं हायत, दबाव येतो."

रोझीनं चमकून सुकन्याकडं बघितलं. तिलाही हे माहीत नव्हतं. रोझी उभी राहिली. सभेत ती आपण होऊन उभी राहिली ती पहिल्यांदाच. "साहेब, आमच्यावर कसलाबी दबाव न्हाई. हात वर करूनच घ्या. लपवायचं काय त्यात?"

"बाई, एका सभासदानं जरी मागणी केली तरी मला गुप्त मतदान घ्यावं लागतं," तहसीलदार समजुतीनं म्हणाले. "बसा तुम्ही."

चिठ्ठ्या वाटल्या, डब्यात टाकल्या, मोजल्या. ठरावाच्या बाजूनं सहा, विरोधात तीन. अमृतरावांचे दोन सभासद होते. तिसरं मत सातांतल्याच कुणाचं तरी होतं. तहसीलदारांनी ठराव फेटाळला गेल्याचं जाहीर केलं आणि बाहेर माळ पेटली.

छगननं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "ज्यानं शपथ घ्यायला नकार दिला त्यानं दावलं बरं का, नकार कशापायी हुता ते!"

संध्याकाळपर्यंत उंबरगव्हाणात एकच विषय होता. रोझी फुटली. त्यात आणखी एक झालं. रोझी लॉजवर असताना एंजलनं आईसाठी मोटरची नवी शिलाई मशीन टेम्पोनं पाठवून दिली होती. जुनी पायमशीन मारून रोझीचे गुडघे गेले होते, म्हणून पोरीनं पगारातून घेतलेली. ती मशीन दाराशी उतरताना अर्ध्या आळीनं बघितली होती. आता ती सरपंचानं दिली असं ठरलं. शिवायला दिलेली कापडं बायका न शिवताच परत न्यायला आल्या. एकीनं तर दारातूनच सांगितलं, "नव्या मशीनवर आमच्या साड्यांचा फॉल कशाला बिघडवता?" शाळेच्या गणवेशाचं काम दुसऱ्या गावच्या शिंप्याला गेलं. चर्चमध्येही रविवारी तिच्या बाकावर दाटीनं कुणी बसेना. आळीला पाणी मिळालं असतं, ते हिनं घालवलं, हा राग तिथं तर जास्तच.

रोझी सगळं सोसत होती. पण एकदा जेवताना अँड्र्यूनं घास हातात धरून विचारलं, "रोझी, मला तरी खरं सांग. मी कोनाला बोलनार न्हाई."

ती त्याच्याकडं बघतच राहिली. "एवढी वर्षं संसार केला तू माझ्यासंगं."

"म्हनून तर विचारतोय."

"मग ऐक. मी ठरावाच्या बाजूनं मत दिलं. आता पुन्हा विचारू नको." ताट उचलून ती आत गेली. अँड्र्यूनं पुन्हा विचारलं नाही, पण त्यानं विचारलं होतं ही गोष्ट काही पुसली गेली नाही.

तिच्या मनात मग एकच चक्र सुरू झालं. आपण दिलं नाही, तर कुणी दिलं? मशीनवर बसलं की एकेकाचा चेहरा समोर यायचा. मळ्यातला सभासद? त्याच्या पोराला कारखान्यात चिकटवायचं होतं. सुकन्या? तिनंच तर ठराव आणला. पण आणणाराच पाडत नसतो कशावरून? सगळ्यांत जास्त संशय यायचा तो सहादेवांचा. त्यांच्या वावराला पाणी जातं ते अमृतरावांच्या बांधावरून. आणि सभेपासून ते तिला बघून वाट बदलत होते. एकदा दळणाच्या गिरणीत गाठ पडली तर म्हातारा पीठ न घेताच निघून गेला. तिनं मनात त्यांच्यावर फुली मारली.

चैत्रात गावची जत्रा भरली. पालखीचा छबिना बघायला रोझी अँड्र्यूबरोबर वेशीपर्यंत गेली. अमृतरावांच्या ओट्यावर पाहुणे बसले होते, फेटे बांधले होते, पानं चालली होती. रोझीची नजर सहज गेली आणि तिथंच अडकली. मेंदीची दाढी. किडकिडीत अंग. गुलाबी फेटा बांधला होता तरी चेहरा तोच.

शेजारी उभ्या बाईला तिनं विचारलं, "तो पाव्हना कोन गं?"

"त्यो? अमृतरावांचा साडू. दर जत्रेला येतो. तिकडं भंडारदऱ्याला मोठा लॉज हाय त्याचा."

रोझीनं अँड्र्यूचा हात धरला. "चल."

"कुठं? छबिना यायचाय अजून."

"चल म्हनते ना."

घराकडं न जाता ती कालव्यावरच्या वस्तीकडं वळली. सहादेव गोठ्यात बैलापुढं उसाचं वाढं टाकत होते. तिला बघून त्यांनी तोंड फिरवलं. रोझी पुढं होऊन म्हणाली, "मामा, आज खरं बोलू. मला तुमचा संशय हुता."

म्हातारा वळला. "आन् मला तुजा. तू शपथ घेतली न्हाई. मी म्हनलं, मानूस देवाला भ्यालं का काय."

"तो लॉजवाला आत्ता अमृतरावाच्या ओट्यावर फेटा बांधून बसलाय. त्याचा साडू हाय. आपल्याला लपवलं ते त्याच्याच घरात, मामा. त्याला जागा कुनी सांगायची गरजच नव्हती."

सहादेव हातातलं वाढं तसंच धरून उभे राहिले. मग बोलले, "लॉज छगननं ठरवला हुता."

"व्हय."

"छगननं बेलभंडारा समद्यांच्या हातावर ठिवला." ते थांबले. "त्याच्या हातावर कुनी ठिवला?"

रोझीला ती खोली आठवली. एकेकानं उठणं, पान उचलणं, बोलणं. छगन मधे उभा राहून सगळ्यांकडून करवून घेत होता. त्यानं स्वतः काहीच उचललं नव्हतं.

"पन कशापायी, मामा? ठराव आनायचा आन् आपनच पाडायचा? आनला नसता तरी अमृतराव सरपंचच ऱ्हानार हुता."

याचं उत्तर त्यांना राहुरीच्या कोर्टाबाहेर मिळालं. ज्ञानेश्वरी नावाच्या तरुण वकीलबाई होत्या. रोझी आणि सहादेव त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. वकीलबाईंनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाल्या, "मावशी, अविश्वास ठराव एकदा पडला की त्या सरपंचावर पुढची दोन वर्षं पुन्हा ठराव आणता येत नाही. आणि मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांतही येत नाही. तुमच्या सरपंचाचं आता काय उरलंय बघा."

रोझीनं मनाशी हिशेब लावला. मधे जेमतेम चार-पाच महिने उरत होते, तेही दोन वर्षांनी.

"म्हंजे सुकन्याचा ठराव आज ना उद्या मंजूर झाला असता..."

"म्हणून छगननं स्वतः पुढं होऊन तो आधीच आणवला आणि पाडला. असं झालं असावं. पण हे 'असावं' आहे. चिठ्ठीवर नाव नसतं. कुणी कुणाला मत दिलं हे कुठलंही कोर्ट शोधून देणार नाही. छगनवर तुम्ही काहीही सिद्ध करू शकत नाही."

सहादेव उठायला लागले. "मंग झालं तर."

"बसा बाबा. ठरावाचं दार बंद झालंय, दुसरं उघडं आहे. सरपंचानं कामात गैरवर्तन केलं असेल तर चौकशी होऊन त्याला काढता येतं. कलम एकोणचाळीस. त्याला मतं लागत नाहीत, पुरावा लागतो. टाकीची जागा बदलली, त्याला ग्रामसभेची मंजुरी होती का?"

"ग्रामसभा झाल्याच न्हाईत," रोझी म्हणाली. "कागदावर झाल्या."

"मग सभासद म्हणून तक्रार करा. दोघं नको, आणखी कुणी तरी घ्या."

सुकन्याकडं जाणं सगळ्यांत अवघड होतं. तिनं दार अर्धंच उघडलं. दोघांना एकत्र बघून म्हणाली, "असं आहे तर. तुम्ही दोघं मिळून होता." सहादेवांनी लॉजवाल्याचं सांगितलं. मग दोन वर्षांचं सांगितलं. सुकन्या दारातच खाली बसली. ठराव तिनं आणला होता; तो पडला तर काय होतं, हे तिनं कुणालाच विचारलं नव्हतं. कारण पडेल असं तिच्या मनातच आलं नव्हतं.

"सही करते मी," ती शेवटी म्हणाली. "पण ताई, खरं सांगते, मला तुमची अजून पुरती खात्री नाही."

"मला बी तुझी न्हाई," रोझी म्हणाली. "तरी कर."

तक्रार गेली. छगन एकदा रस्त्यात आडवा आला. "ताई, कशाला झंझट? हरलेली मानसं तुमी." दुसऱ्यांदा त्यानं अँड्र्यूला कारखान्याच्या गेटवर गाठून बदलीचं सुचवलं. अँड्र्यू घरी येऊन म्हणाला, "आता माझी खात्री झाली. तू फुटली असतीस तर त्यो मला कशाला धमकावत बसला असता?" खात्री व्हायला त्याला छगन लागला, हे रोझीच्या ध्यानात आलं.

चौकशीला विस्तार अधिकारी गावात आले. पुढं नगरला सुनावणी लागली. रोझी, सुकन्या, सहादेव तिघं एसटीनं गेले. अमृतरावांचा वकील मोठा होता. त्यानं रोझीला उभं करून पहिलाच प्रश्न विचारला, "अविश्वास ठरावाच्या वेळी तुम्ही कुणाला मत दिलंत?"

वकीलबाई ताडकन उठल्या. मत गुप्त आहे, ते विचारता येणार नाही. अधिकारीही म्हणाले, "बाई, उत्तर द्यायची गरज नाही."

"मला द्यायचंय," रोझी म्हणाली. "ठरावाच्या बाजूनं दिलं. मी तवा बी हात वर करायला तयार हुते. गुप्त कुनी मागितलं ते तुमच्या अशिलाला विचारा."

मागच्या बाकावर सुकन्या खाली मान घालून बसली होती. परतीच्या गाडीत ती रोझीच्या शेजारी येऊन बसली आणि राहुरीपर्यंत तिच्याशी एंजलच्या नोकरीबद्दल बोलत राहिली.

वर्ष गेलं. ग्रामसभा कागदोपत्री दाखवल्या, टाकीची जागा मंजुरीशिवाय बदलली, हे चौकशीत निघालं आणि यंदा अमृतरावांना पदावरून दूर केल्याचा आदेश आला. आळीत पेढे वाटले. रोझीनं एक पेढा घेतला, आणि तो तोंडात टाकायच्या आधीच तिच्या ध्यानात आलं. सरपंच गेला की पोटनिवडणूक होईपर्यंत कारभार उपसरपंचाकडं. म्हणजे छगनकडं.

तिनं वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "हो मावशी, कायद्यानं तसंच आहे."

"मग छगननं हे आधीच ठरवलं असंल का? अमृतरावाला दोन वर्षं वाचवतो म्हनून त्याच्याकडनं पैसे घ्यायचे, आन् आमी त्याला काढला की खुर्चीत आपन बसायचं?"

वकीलबाई म्हणाल्या, "मला नाही सांगता येणार."

छगननं कारभार हाती घेतला आणि महिनाभरात चर्चमागच्या आळीला वेगळी पाइपलाइन टाकून दिली. रोज सकाळी नळ धो-धो वाहू लागला. बायकांनी हंडे भरले, घागरी भरल्या, अंगणं धुतली. रोझीनंही भरले. पाणी गोड होतं. पण नळाला हात लावला की तिला वाटायचं, हे कशाच्या बदल्यात आलंय?

पोटनिवडणुकीची चर्चा सुरू झाल्यावर छगन एका सकाळी निळ्या दाराशी आला. खुर्चीत बसला. नवी मशीन न्याहाळून म्हणाला, "चांगली चालती ना? बरं का ताई, झालं गेलं ते गेलं. मी उभा ऱ्हातोय. आळीचं पानी तुमच्यामुळं आलं असंच मी समद्यांना सांगतो. तुमी फक्त माझ्यासंगं चार घरं फिरा."

रोझीनं पाय पेडलवरून काढला. मशीन थांबली. "छगनभाऊ, एक सांगा. त्या दिवशी तुमची चिठ्ठी कशी हुती?"

छगन हसला. अगदी मोकळेपणानं हसला. "ताई, गुप्त मतदान ते. त्यात कोनी कोनाला सांगायचं नसतंय."

"सरपंचाचं मतदान बी गुप्तच असतंय, भाऊ."

त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. चहा आला होता, तो त्यानं अर्धा पिऊन ठेवला आणि उठला.

दुसऱ्या दिवसापासून रोझी सुकन्याबरोबर घरोघर फिरायला लागली. सुकन्या उभी राहते आहे. काही घरांत बायका रोझीला आत बोलावतात, मापाची वही आणली का म्हणून थट्टा करतात. काही घरांत अजूनही सुकन्याला खुर्ची मिळते आणि रोझीला उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागतं. परवा एका म्हातारीनं तिच्यादेखतच सुकन्याला विचारलं, "हिला कशाला संगं आनलं? ही तर फुटली हुती ना?"

सुकन्या म्हणाली, "नाही आजी. मीही तसंच समजत होते."

म्हातारीनं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. तिचा विश्वास बसला असं काही दिसलं नाही. तिनं दार मात्र लावलं नाही. रोझीनं चप्पल काढली आणि ती आत गेली.